कडुलिंबावरचा फोन

दुकानाच्या पायरीवर आले की आबा आधी उपरण्याच्या टोकाची गाठ सोडायचे. गाठीतून फोन निघायचा. तो उलटा धरून ते चार्जिंगच्या भोकाला तोंड लावायचे आणि गाल फुगवून जोरात फुंकायचे, चूल पेटवताना फुंकतात तसं. मग फोन माझ्या काउंटरवर ठेवून म्हणायचे, "काल चांगला व्हता बगा."

मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, हे वाक्य ऐकलं की त्याच्या डोक्यात तिडीक जाते. फोन काल चांगलाच असतो. हौदात पडलेला, ट्रॅक्टरखाली सापडलेला, म्हशीनं चाटलेला, सगळे फोन काल चांगले होते! पण बाकीची गिऱ्हाइकं हे एकदा म्हणतात आणि दुरुस्त करून घेऊन जातात. आबा पुन्हा पुन्हा यायचे. तोच फोन, तोच आजार, तेच वाक्य.

"आबा, फुंकू नका हो," मी हात जोडायचो. "तोंडातली वाफ आत जाते. वर तुमची तंबाखू."

"बरं, न्हाय फुकत."

पुढच्या खेपेला पायरीवर पुन्हा फूऽऽ.

सास्तूरला माझं छोटंसं दुकान आहे. शेजारी खताचं दुकान, पलीकडं चहाचं हॉटेल. आबांचं गाव तिथून जवळच. कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून यायचे, कधी बैलगाडीतून, आणि कुणी भेटलं नाही तर चालत. पांढरं धोतर, बंडी, खांद्यावर उपरणं. मी आयटीआय केलेला माणूस, पण आबा मला 'इंजनेर' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्या वेळी मी भोकात टॉर्च मारून पाहिलं. आत मुंग्या. टाचणीनं आणि ब्रशनं साफ केलं, पिन लावली, चार्जिंगची खूण आली. दुसऱ्या वेळी पुन्हा मुंग्या, शिवाय ओल. स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चित्र, म्हणजे फोन स्वतःच सांगत होता की मला ओलं केलंय. "पाण्यात पडला होता का?" विचारलं, तर आबा दुखावले. "पान्यात? म्या त्याला पावसात बी नेत न्हाय." तिसऱ्या वेळी वायर बदलली. मग चार्जर बदलला. मग फोन उघडून अख्खा जॅक नवा टाकला. जुना जॅक हिरवा पडला होता, आणि फोन तर पुण्यात कंपनीत असलेल्या मुलानं नुकताच पाठवलेला! मला काही कळेना.

गिऱ्हाइकांसमोर आबा काय म्हणायचे तेही ऐका. बाकावर चार माणसं बसलेली असली की मोठ्यानं, "हितनंच दुरुस्त करून नेला व्हता. लई भारी काम करतंय पोरगं. पर पुन्ना तसंच झालं." आता ही तारीफ आहे की बोंब? बाकावरची माणसं आपापले फोन खिशात सरकवायची. मी असा वैतागायचो की विचारू नका.

आणि गंमत म्हणजे या माणसाला फोन करायचाच नसायचा कुणाला. एकदा मी आलेल्या-गेलेल्या फोनची यादी उघडून बघितली. मुलाचे आलेले थोडे फोन सोडले तर काही नाही. व्हिडिओ नाहीत, गाणी नाहीत. घड्याळ बघायलासुद्धा ते सूर्याकडं बघायचे. पण बॅटरी शंभरावर पाहिजे! नव्वद टक्के झाली तरी चेहरा असा, की जणू घरातलं कुणी आजारी आहे.

"नव्वद पुष्कळ झाले, आबा. दोन दिवस चालंल."

"शंभर पायजे."

"कशाला पण?"

"पायजे," म्हणायचे आणि बाकावर बसून राहायचे. शंभर आकडा आल्याशिवाय हलायचे नाहीत. मी जेवायला घरी निघालो तर म्हणायचे, "तू जेवून ये. म्या हाय दुकानाकडं बघायला."

शेवटी एका दुपारी मी पाना, पेचकस आणि टेस्टर घेऊन त्यांच्या गावालाच गेलो. म्हटलं, बोर्डातच काहीतरी लफडं असणार, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. त्यांचं गाव म्हणजे भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. सरळ रस्ते, सारखी घरं. आबांना सिमेंटचं घर मिळालेलं, पण समोर पत्र्याचं शेड मारून ते स्वतः त्यातच झोपायचे. अंगणात सून ज्वारी निवडत बसली होती. तिला विचारलं, "वहिनी, फोन कुठं चार्जिंगला लावता?"

तिनं हात वर केला.

घराच्या खिडकीतून एक लांबलचक वायर बाहेर आली होती. ती शेडवरून, कपडे वाळत घालायच्या तारेवरून पुढं जाऊन थेट कडुलिंबाच्या झाडाला भिडली होती. बुंध्याला खिळा, खिळ्याला कापडी पिशवी, पिशवीवर पालथी घातलेली खताची प्लास्टिकची थैली. आणि पिशवीत, चार्जरसकट, आबांचा फोन. खाली मुंग्यांची रांग बुंध्यावरून शिस्तीत वर चालली होती.

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात आबा शेडमधून बाहेर आले.

"हे काय आहे, आबा?"

"फोन हाय."

"झाडाला?"

"मंग कुठं?"

"घरात! घरात ठेवतात फोन. अख्खं जग घरात ठेवतं. इथं रात्रभर दव पडतं, मुंग्या चढतात, धूळ बसते. मी वेड्यासारखा जॅक बदलत बसलोय तिकडं."

"तुम्हीच सांगा भाऊ त्यांना," सून सुपातून मान वर न करता म्हणाली. ती बार्शीकडची. "मी सांगून सांगून थकले. रोज संध्याकाळी झाडापाशी जाऊन किती टक्के झाले ते बघतात. मला ताप आला तर एवढं विचारलं नाही कधी."

आबांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. शांतपणे म्हणाले, "घरात ठिवला आन घर पडलं तर?"

ते बाजेवर बसले आणि मलाही बसवलं.

खरं सांगतो, भूकंपाच्या गोष्टींचा मला कंटाळा आहे. भूकंप झाला तेव्हा मी आईच्या पोटात होतो. आमच्या भागात प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडं एक गोष्ट असते आणि ती ऐकतच आम्ही मोठे झालो. आबांनी तोंड उघडलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता चहा येईपर्यंत सुटका नाही. पण त्यांनी थोडंच सांगितलं.

"गावात फोन येकच व्हता. पाटलाच्या माडीत. माडी खाली आली. फोन तिच्या बुडाखाली. आमची थोरली आक्का दाराच्या चौकटीखाली अडकल्याली. बोलत व्हती. मला मनली, जा, कुनाला तर बोलीव. म्या पळालो. फुडच्या गावात गेलो, तितंबी तसंच. सडकंला आलो तवा जीप घावली. मानसं घिऊन आलो, तवर तिचा आवाज गेला व्हता."

सुपातली ज्वारी थांबली होती.

"लोक मनत्यात, तवा फोन नव्हते. खोटं हाय. फोन व्हता. पर घरात व्हता."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटून जॅक कोरडा राहत नाही. फोन आपला झाडावर भिजतच होता आणि तो दुरुस्त करायला मी एकटाच होतो. तिथून आमची खरी भांडणं सुरू झाली.

मी म्हटलं, खिडकीत ठेवा. खिडकी म्हणजे घरच, असं त्यांचं म्हणणं. शेडमध्ये ठेवा म्हटलं, तर म्हणाले, शेडमध्ये म्या झोपतो, पत्रा माझ्या अंगावर आला तर फोनबी माझ्यासंगंच गेला. त्यांनी स्वतःच अक्कल लढवून फोन स्टीलच्या डब्यात ठेवला आणि डबा झाडाला बांधला. मुंग्या बंद झाल्या आणि रेंजही बंद झाली. मुलाचा फोन लागेना, तेव्हा तोंड बारीक करून डब्यासकट दुकानात हजर. "काल चांगला व्हता बगा."

मी म्हटलं, साधा बटणाचा फोन घ्या, दणकट असतो, चार्जिंगही टिकतं. तर नको. "त्यात जागा दिसत न्हाय." हे मात्र खरं होतं. गाव सरकलं, पण बाहेरच्या माणसाला गावाचं नाव सांगितलं की तो अजून जुन्या जागेवर जातो. तिथं नुसत्या बाभळी आणि पडक्या भिंती. शेजारच्या बाळंतिणीसाठी बोलावलेली गाडी तिकडंच जाऊन बाभळींतून फिरत बसली होती. तेव्हापासून आबांनी मुलाकडून फोनवर 'आपली जागा पाठवायची' ते शिकून घेतलं होतं. सुनेलाही बळंच शिकवलं. ती माझ्यापाशी कुरकुरायची, "रोज परीक्षा घेतात हो, भाऊ. भाकरी तव्यावर आणि हे म्हणतात, जागा पाठवून दाखव."

एकदा मी फोनला पासवर्ड घालून दिला. झाडावर उघडा टांगलेला फोन, कुणीही नेईल, म्हणून. आबांनी तो लगेच काढायला लावला.

"म्या गाडला गेल्यावर पासवर्ड सांगाया येऊ का तुमाला?"

"अहो, मग फोन आहे कुणासाठी?"

"जो भाईर आसंल त्याच्यासाठी."

आता सांगा, अशा माणसाशी वाद कसा घालायचा? त्यांचा फोन त्यांचा नव्हताच. मी माझा राग गिळला. फोनसाठी प्लास्टिकचा डबा आणून त्याला वायरीपुरतं खालून भोक पाडून दिलं, वायरीला मुंग्यांची पावडर लावली, जॅक पुन्हा बदलला. पावसाळाभर चालला. मला वाटलं, जिंकलो. दसऱ्याच्या आसपास पायरीवर पुन्हा फूऽऽ ऐकू आलं आणि मी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"आबा, आता मात्र हद्द झाली!"

"तू चिडू नको, इंजनेर. चिडलं की हात थरथरत्यात," म्हणाले आणि शंभर होईपर्यंत बाकावर बसून राहिले. निघताना उपरण्याच्या गाठीत फोन बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. दुकानात येऊन करून घेतलेली ती त्यांची शेवटची दुरुस्ती.

त्यानंतरचं मला सुनेनं सांगितलं. सोयाबीनच्या काढणीचे दिवस. गल्लीतली सगळी माणसं रानात. सकाळपासून लाइट गेलेली आणि तिचा स्वतःचा फोन चार्जिंग संपून बंद पडलेला. आबा पाणी प्यायला म्हणून घरात आले आणि उंबऱ्यातच बसले. अंगाला दरदरून घाम, हात छातीवर. तिनं बाहेर येऊन हाका मारल्या, कुणी ओ देईना. मग ती पळत कडुलिंबाकडं गेली. फोन पूर्ण भरलेला होता. तिनं रुग्णवाहिका बोलावली, ड्रायव्हरला जागा पाठवली, आणि गाडी कुठंही न चुकता सरळ दारात आली.

"रोज परीक्षा घेत होते ना," ती म्हणाली. "म्हणून बोटं आपोआप चालली."

मी धाराशिवला दवाखान्यात भेटायला गेलो. खाटेवर आबा अगदी एवढेसे दिसत होते. नाकात नळी, हाताला सुई. मला वाटलं, चला, आता तरी गोड बोलतील. सून शेजारी बसली होती, तिच्या मांडीवर तो फोन. आबांची नजर फोनवरच. मी जवळ गेलो तर पहिलं वाक्य काय?

"ह्यो हितं कशाला आनला?"

"आबा, याच फोननं तुम्हाला वाचवलं," मी म्हटलं.

"म्या हितं हाय. हितं डाक्टर हाय. मंग ह्याचं हितं काय काम?" आवाज बारीक, पण राग पुरा. "झाड मोकळं पडलंय तिकडं."

"अहो, तुम्ही इथं, वहिनी इथं. घराला कुलूप. कुणासाठी टांगायचा?"

"गल्ली हाय की!" म्हणाले आणि त्यांना धाप लागली. नर्स माझ्यावरच खेकसली. सुनेनं फोन माझ्या हातात दिला. "न्या भाऊ. नाहीतर हे सलाइन काढून स्वतः जातील."

मी चरफडत निघालो. दुकान बंद, गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि मी एका म्हाताऱ्याचा फोन झाडाला टांगायला निघालोय! गावात पोचलो. शेजारणीकडून किल्ली घेतली, वायर जोडली, पिन घातली, आणि काय होणार? चार्जिंग होईना. ब्रशनं साफ केलं. होईना. माझ्या पिशवीतली दुसरी वायर लावली. होईना. बोर्ड तपासला, लाइट होती. पिन वर दाबली, खाली दाबली, तिरकी धरली. घाम फुटला मला. फोनला शिव्या घातल्या, झाडाला घातल्या, आबांनाही घातल्या, तुमच्यापासून काय लपवायचं. तिकडं ते वाट बघत पडलेत आणि इकडं ही काळी स्क्रीन हूं की चूं करत नाही.

मग मी इकडं तिकडं बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं. फोन उलटा धरला, तोंड लावलं आणि फुंकलं. जोरात, गाल फुगवून.

पिन लावली तर चार्जिंगची खूण आली.

ते फुंकल्यामुळं नव्हे. जॅक सैल झाला असणार, पिन योगायोगानं नीट बसली असणार. हे मी आजही कुणालाही समजावून सांगेन. पण त्या वेळी मी आबांच्या बाजेवर मटकन बसलो आणि शंभर आकडा येईपर्यंत तिथून उठलो नाही. दिवस मावळायला आला तेव्हा आकडा आला. त्याच फोनवरून सुनेला फोन लावला. तिनं आपला फोन आबांच्या कानाला धरला.

"आबा, टांगला. शंभर झाले."

पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. मग बारीक आवाज आला, "फुकलास का?"

"नाही," मी म्हटलं.

आबा हसले. हसता हसता खोकला आला आणि सुनेनं फोन काढून घेतला. आमचं बोलणं झालं ते एवढंच.

आबा गावाकडं परत आले ते गाडीतून, पांढऱ्या कापडात. जागा आधीच पाठवलेली होती, त्यामुळं तीही गाडी जुन्या गावाकडं गेली नाही, नीट दारात येऊन उभी राहिली. माणसं जमली. अंगणात जागा पुरेना म्हणून कुणीतरी कडुलिंबाची वायर बाजूला करायला गेलं, तर सून रडता रडता उठली आणि म्हणाली, "तिला हात लावू नका."

नंतर बरेच दिवस मी त्या गावाकडं फिरकलो नाही. मुलगा म्हणे सुनेला पुण्याला न्यायला आला होता, ती सुगी झाल्यावर येते म्हणाली. मी मनात म्हटलं, चला, एक कटकट मिटली. आता फोन घरात जाईल आणि माझा जॅक कोरडा राहील. पायरीवर कुणाचं पाऊल वाजलं की मान मात्र आपोआप वर जायची. या माणसाची एवढी सवय झाली असेल असं वाटलं नव्हतं.

परवा दुपारी मी एका फोनची काच बसवत होतो. खाली मान. पायरीवर आवाज आला, फूऽऽ.

मी दचकून बघितलं. सून उभी होती. पदराच्या टोकाची गाठ सोडलेली, हातात तो फोन.

"काल चांगला होता, भाऊ," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही तरी फुंकू नका हो!" मी जवळजवळ ओरडलोच. माझा आवाज मलाच कसातरी लागला. टॉर्च मारून भोकात पाहिलं. मुंग्या. तळाशी हिरवट ओल. सगळं जिथल्या तिथं.

"आता तरी हा घरात ठेवा," मी म्हटलं. "आबा काही बघायला येणार नाहीत. कुणी रागवणार नाही तुम्हाला."

ती बार्शीकडची बाई. जमीन हललेली तिनं आयुष्यात कधी पाहिलेली नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं एखाद्या लहान पोराकडं बघावं.

"आणि घर पडलं तर?"

पेचकस उचलला आणि स्क्रू काढायला घेतले. ती बाकावर बसली, शंभर होईपर्यंत थांबायच्या तयारीनं.